अर्ध्या वचनाची चिठ्ठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं नवं वर्ष दसऱ्यानंतरच्या रविवारी सुरू होतं. बाकी जगाचं एक जानेवारीला होत असेल. पण एक जानेवारीला आमच्या देवळात मी, माझा नवरा, दोन म्हाताऱ्या बाया आणि खिडकीतलं कबुतर एवढेच उरतो. उरलेली मंडळी तेव्हा कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फडात ऊस तोडत असते, कोल्हापूरकडं नाहीतर पार कर्नाटकात. शहरातल्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेला प्रत्येक जण डब्यातून बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी म्हणजे त्या वर्षासाठी देवानं त्या माणसाला सांगितलेली गोष्ट. आम्ही ती तोडीला जायच्या आधी उचलतो, म्हणजे वचन बरोबर घेऊन ट्रकात बसता येतं.

या चिठ्ठ्या मी लिहायचे. केजपासून काळ्या-पिवळ्या जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव आहे, आणि तिथं बावीस वर्षं मी अंगणवाडी सेविका आहे. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे बोटभर तुकडे कापायचे, त्यावर निळ्या पेनानं वचन लिहायचं, घडी घालायची आणि स्टीलच्या लाडवाच्या डब्यात भरायची, हे काम मी दर साली आनंदानं करायचे. वचन निवडताना दोनच गोष्टी बघायचे. ते तुकड्यावर मावलं पाहिजे आणि ते गोड पाहिजे. एका साली मी शिक्षेचं एक वचन टाकलं होतं. ते नेमकं माझ्या चुलत सासऱ्यांना आलं, आणि तोडीवरून परत आल्यावरसुद्धा ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या डब्यात नुसती साखर असायची. वचन लांब असलं तर मी त्यातला आपल्या कामाचा भाग घ्यायचे आणि बाकीचा सोडून द्यायचे. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, उलट लोक कौतुकच करायचे.

ज्या सालची ही गोष्ट आहे, त्या साली मी एका स्तोत्रातली एक ओळ घेतली होती. तुझ्या राहुटीच्या आसपास रोगराई फिरकणार नाही, अशा अर्थाची. आमची माणसं सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, तेव्हा राहुटीचं वचन त्यांच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. ते माझ्या धाकट्या जावेला आलं.

जावेला फिट येते. पहिल्या बाळंतपणानंतर सुरू झाली. केजच्या सरकारी दवाखान्यातून तिला गोळ्या मिळतात, सकाळी एक आणि रात्री एक. या गोळ्यांवर तिला तीन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. कोयता म्हणजे आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक आला की दोघांनी मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून वर चढायचं. फिट येत होती तेव्हा दीर तिला शिडीवर चढू द्यायचे नाहीत. गेल्या दोन हंगामांत ती पुन्हा चढायला लागली होती. डॉक्टरांनी एकच अट घातली होती, की गोळी चुकली तर शिडीला हात लावायचा नाही.

तिनं चिठ्ठी उघडली, वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. सातवी शिकलेली आहे ती, वाचायला कुणाची गरज लागत नाही. चिठ्ठी तिनं मोबाईलच्या कव्हरात मागच्या बाजूला ठेवली. मला फार बरं वाटलं. माझ्या हातानं देव बोलला, असंच वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

त्या साली कारखाने उशिरा पेटणार होते, त्यामुळं ट्रक दिवाळीनंतर येणार होते. त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत एक उपदेश करणारा माणूस आमच्याकडं यायला लागला. केजात एका दुकानाच्या माडीवर त्यानं दर गुरुवारी प्रार्थनासभा सुरू केली होती. आमच्यातल्या दोन बाया आठवडी बाजाराला गेल्यावर तिथं जाऊन आल्या आणि त्याला गावात घेऊन आल्या.

तो कसा होता ते नीट सांगते, कारण अशी माणसं आपण लांबूनच ओळखू, असा लोकांचा समज असतो. तो खाली जमिनीवर बसायचा. आमच्या घरची बाजरीची भाकरी आणि ठेचा मागून खायचा. दुसऱ्या भेटीत त्याला चाळीस माणसांची नावं पाठ होती. म्हातारीचे गुडघे कसे आहेत, अमक्याची शेळी व्याली का, सगळं लक्षात. त्यानं कधी एक पैसा मागितला नाही. मागितला असता तर फार बरं झालं असतं, मी त्याला पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसवलं असतं. आमचे पाळकसाहेब सात गावं बघतात, महिन्यातून एकदा बीडहून मोटारसायकलीवर येतात, आणि त्यांचा उपदेश ऐकताना माझा नवरा भिंतीला टेकून झोपतो. याचा आवाज मात्र ऐकत राहावा असा. मी स्वतः त्याला आमच्या देवळात बोलायला बोलावलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी या, म्हणाले. हेही लिहायलाच पाहिजे.

तो प्रत्येकाला आधी चिठ्ठी विचारायचा. तुमचं या वर्षाचं वचन काय? मग तेवढ्या ओळीवर तो अर्धा तास बोलायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्याला आजवर कुणी समजूनच घेतलं नव्हतं. माझ्याच चिठ्ठ्या, माझंच अक्षर! मी तर कोपऱ्यात बसून फुगत होते. जावेनं कव्हर काढून तिची चिठ्ठी दाखवली. त्यानं ती वाचली, डोळे मिटले, आणि हळूच विचारलं की देव म्हणतो रोग फिरकणार नाही आणि डॉक्टर म्हणतो रोज गोळी घे, तर ताई, तुम्ही रोज सकाळी कुणाचं ऐकता? गोळी सोड असं तो म्हणाला नाही. आजही कुणी त्याला धरलं तर तो शपथेवर सांगेल की मी असं कधीच म्हणालो नाही, आणि ते खरंच असेल.

दिवाळीनंतर जावेचं सामान बांधायला मी मदत करत होते. पत्र्याची पेटी, तवा, कढई, गोधड्या, घासलेटचा डबा. पेटीत गोळ्यांची पाकिटं होती. हंगामभराच्या गोळ्या तिनं दसऱ्याच्या सुमारास आणल्या होत्या, मीच बरोबर गेले होते. पाकिटं जशीच्या तशी होती, एकही फोडलेलं नव्हतं. जुनं पाकीट कधी संपलं असेल याचा मी बोटांवर हिशेब केला. सतरा-अठरा दिवस झाले होते.

मी तिला विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, झापलं. मला राग पटकन येतो आणि तो आधी तोंडातून बाहेर पडतो. तुला पोरं आहेत, तू शिडीवरून मोळीसकट खाली आलीस तर कोण बघणार, बुद्धी गहाण टाकलीस का, असं बरंच काही बोलले. ती शांतपणे गोधडीची घडी घालत राहिली. माझं बोलून झाल्यावर तिनं मोबाईलचं कव्हर काढलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"आक्का, हे तुमच्याच हातचं हाय ना? मंग आता कावून रागावता?"

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो नंतर म्हणाला की लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तुझ्या तोंडाला कुलूप लागलेलं आज पहिल्यांदा बघितलं.

मग मी त्या माणसाकडं गेले. गुरुवार होता, माडीवर पन्नासेक माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुमच्या बोलण्यानं माझ्या जावेनं औषध सोडलंय. तो उठून उभा राहिला, मला हात जोडले, आणि अगदी मऊपणानं म्हणाला, "ताई, ते वचन मी लिहिलेलं न्हाई. तुमी सांगा, शास्त्र खरं का खोटं?" आता यावर मी काय म्हणणार? खरं, म्हटलं. पन्नास माणसं एका सुरात आमेन म्हणाली. मी जिना उतरून खाली आले तेव्हा माझे कान तापले होते. हरले म्हणून वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट हे वाटलं की माणूस चुकतोय हे मला कळतंय आणि कुठं चुकतोय ते मात्र सांगता येत नाही.

पाळकसाहेबांना फोन लावला. ते कुणाच्या तरी मयतीत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. मग ते म्हणाले, "बाई, चिठ्ठीच्या वरचं आन् खालचं वाचा. रविवारी येतो मी." आणि फोन ठेवला. मी फोनकडं बघून मनातल्या मनात त्यांना बरंच सुनावलं. इथं घर पेटलंय आणि हे मला वाचायला लावतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन गेली, मदतनीस बाई भांडी घेऊन हापशावर गेली, आणि मी छोट्या खुर्चीवर बसून ते स्तोत्र काढलं. इतकी वर्षं मी त्यातून तुकडे कापत होते, पण वरपासून खालपर्यंत ते कधी वाचलं होतं ते आठवेना. खाली एका ठिकाणी देव म्हणतो की संकटात मी त्याच्याबरोबर असेन. मी थांबले. म्हणजे संकट येणार हे धरूनच तो बोलतोय. संकट येणारच नसेल तर तो बरोबर असणार कशात? ही ओळ मी कुणाच्याच चिठ्ठीवर लिहिली नव्हती, कारण तिच्यात संकट हा शब्द होता.

मग मी माझ्या ओळीच्या लगेच खालची ओळ वाचली. देव त्याच्या दूतांना तुझी काळजी घ्यायला सांगेल, ते तुला हातांवर झेलतील, असं त्यात आहे. ती वाचताना मला वाटलं की हे मी दुसरीकडंही ऐकलंय, आणि कुणाच्या तरी वाईट तोंडून ऐकलंय. लहानपणी देवळातल्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या नाटकात आमच्या वर्गातला एक पोरगा काळं घोंगडं पांघरून हेच वाक्य म्हणायचा. मी शुभवर्तमान उघडलं. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण शास्त्रात लिहिलंय की दूत तुला झेलतील. हीच ओळ, आणि तिच्या वरची ओळ माझ्या जावेच्या मोबाईलच्या कव्हरात होती.

मी पुस्तक मिटलं. सैतान खोटं बोलला नव्हता. त्यानंही आपल्या कामाची एक ओळ कापून घेतली होती, अगदी चिठ्ठीवर मावेल एवढी. मला त्या माणसाचा राग यायच्या आधी स्वतःची लाज वाटली. त्यानं आमच्या मंडळीला नवीन काही शिकवलंच नव्हतं. तुकड्यावर जगायची सवय मीच लावली होती, चांगल्या अक्षरात. तो फक्त तयार रानात येऊन पेरून गेला. थोडा वेळ मी डोळे पुसत बसले. मग उठले, कारण आता मला काय बोलायचं ते माहीत होतं.

रविवारी मी बोलावलेला माणूस वेळेवर आला. पाळकसाहेबही आले, त्यांच्या पँटला चिखल लागला होता. ट्रक मंगळवारी निघणार होते, त्यामुळं देऊळ भरलं होतं. उपदेशाच्या आधी मी पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि लाडवाचा डबा घेऊन पुढं उभी राहिले.

मी म्हटलं की इतकी वर्षं या चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि लिहिताना वचनं कापली, गोड तेवढं ठेवलं. ही चूक कुणा बाहेरच्याची नाही, माझी आहे, आणि मी मंडळीची माफी मागते. चुलत सासरे चष्मा पुसायला लागले. मग मी त्या माणसाकडं वळून, अगदी त्याच्याच मऊ आवाजात विचारलं की भाऊ, माझ्या जावेच्या वचनाच्या खालची ओळ शुभवर्तमानात कुणाच्या तोंडी आहे, ते जरा मंडळीला सांगता का?

त्याला ते माहीत होतं. मी त्याचा चेहरा बघत होते. एक क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, मग तो हसला आणि म्हणाला की ताई, तो संदर्भ वेगळा आहे. मी म्हटलं, असेल वेगळा, आपण वाचून बघू. आणि पुस्तक मी जावेच्या हातात दिलं. मी स्वतः वाचू शकले असते, आणि चांगलं वाचलं असतं. पण माझं अक्षर तिच्याजवळ आधीच पुष्कळ होतं, म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं.

ती उभी राहिली आणि बोट ठेवून वाचायला लागली. मंदिराचं शिखर, उडी टाक, दूत झेलतील. तिथं तिचा आवाज बारीक झाला. तरी ती पुढं गेली, आणि प्रभूचं उत्तर वाचून थांबली. देवाची परीक्षा पाहू नको, असं ते उत्तर. ते तिनं मनातल्या मनात परत एकदा वाचलं, आम्हाला तिचे ओठ हलताना दिसले.

तो माणूस म्हणाला की ताई, घाबरू नका, विश्वास ठेवणाऱ्याला परीक्षा द्यावीच लागते.

जावेनं त्याच्याकडं बघितलं. ती मोठ्यानं बोलणारी बाई नाही. घरात पाहुणे आले तर चहा ठेवून आत जाते. त्या दिवशी ती म्हणाली, "परवा तवा हातातून पडला माजा. हाताला झटके येत व्हते. मी कुनाला सांगितलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "आमी मोळी टाकून ट्रकावरनं खाली येतो ना, तर उडी टाकीत न्हाई कुनी. शिडी असती. शिडीवरनं उतरलं म्हंजी देवावर भरवसा न्हाई, असं कसं व्हईल? शिडीबी त्यानंच दिलीय की."

कुणीच आमेन म्हणालं नाही, पण ट्रक भरणारी चाळीस माणसं तिथं बसली होती आणि त्यांना शिडी म्हणजे काय ते ठाऊक होतं. माझे दीर खाली मान घालून बसले होते, त्यांनी डोळ्यांना टॉवेल लावला. त्यांना तवा पडल्याचं माहीत नव्हतं. तो माणूस अजूनही हसत होता, पण आता त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. पाळकसाहेबांनी त्याला सलाम केला, चहा घेऊन जा म्हणाले, आणि उपदेशाला उभे राहिले. उपदेश नेहमीसारखाच कंटाळवाणा होता. त्यांनी ते सगळं स्तोत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसतं वाचलं आणि समजावलं. माझा नवरा जागा होता.

सोमवारी मी जावेला आणि दिरांना केजला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या आणि महिनाभर शिडीकडं फिरकायचं नाही असं दिरांना बजावलं. दीर म्हणाले की दोन महिने चढू देत नाही, मोळ्या मी एकटा वाहीन. माडीवरची सभा अजून भरते. आमच्यातल्या दोघी तिकडंच गेल्या आणि मला रस्त्यात बघून तोंड फिरवतात. त्याचं वाईट वाटतं, पण मी त्यांना हाक मारायची सोडलेली नाही. चिठ्ठ्याही मी अजून लिहिते. आता एकेक चिठ्ठी वहीच्या पूर्ण पानाची असते, वर काय आहे आणि खाली काय आहे ते सगळं तिच्यात असतं, आणि लाडवाच्या डब्याचं झाकण लागत नाही. मोबाईलच्या कव्हरात मावत नाही अशी तक्रार येते. मी सांगते, कव्हर मोठं घ्या.

त्या मंगळवारी ट्रक निघायच्या आधी मी जावेजवळ गेले आणि ती जुनी चिठ्ठी परत मागितली. फाडून टाकणार होते. मुकादम हॉर्न वाजवत होता, पोरं सामानाच्या गाठोड्यांवर चढून बसली होती. तिनं कव्हर काढलं, पण चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही.

"वचन खोटं न्हाई वो आक्का," ती म्हणाली. "अर्धं व्हतं."

तिनं चिठ्ठी उलटी करून दाखवली. मागं लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती होता, आणि त्याच्या भोवतीच्या रिकाम्या जागेत तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात प्रभूचं उत्तर लिहिलेलं होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, सकाळी एक, रात्री एक.